बिली हॉलिडे, तारखेवार : श्रवणसंच बांधतानाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

ऐकायच्या गाण्यांचा हा संच कुणासाठी, हे आधी पक्के केले. अमेरिकी जॅझ गायिका बिली हॉलिडेचे नाव माहीत आहे, एखाद-दुसरे गाणे कानावरून गेले आहे, आता नीट ऐकायचे आहे पण हात कुठे घालावा ते कळत नाही, अशा श्रोत्यासाठी. गाणी ४०. त्याहून जास्त घेतली की नवा माणूस अर्ध्यावर सोडतो. कमी घेतली तर १९३३ ते १९५९ या २६ वर्षांतले टप्पे एकमेकांना जोडले जात नाहीत.

क्रम ध्वनिमुद्रणाच्या तारखेचा. अल्बमचा नाही, लोकप्रियतेचा नाही, आणि ‘दुःखी गाणी’, ‘प्रेमाची गाणी’ असे गठ्ठेही नाहीत. तिची पहिली अठरा-एकोणीस वर्षे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची आहेत: एका तबकडीला दोन बाजू, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. नाट्यसंगीताच्या जुन्या रेकॉर्ड ऐकलेल्या कानाला ही तीन मिनिटांची शिस्त ओळखीची आहे. त्या काळात तिच्या कामाचे एकक म्हणजे ‘सत्र’: स्टुडिओत तीन तास, चार बाजू, काम संपले. म्हणून संचही सत्रांच्या अंगाने बांधायचा. तिची लय तारुण्यापासून शेवटपर्यंत कशी टिकली आणि भोवतीचे बाकी सगळे कसे बदलत गेले, हे तारखा लावल्यावरच ऐकू येते.

८ जानेवारी

मूळ लेबलांची वाटणी करून घेतली. हे आधी केले नाही तर पुढे गोंधळ नक्की.

पहिला गट १९३३ ते १९४२: कोलंबिया, ब्रन्सविक, व्होकॅलियन, ओके. हा सगळा साठा आज सोनीकडे आहे. दुसरा कमोडोर, १९३९ आणि १९४४, एकूण फक्त १६ गाणी. तिसरा डेका, १९४४ ते १९५०. चौथा निर्माता नॉर्मन ग्रँझने केलेले काम, १९५२ पासून १९५७ पर्यंत, आधी क्लेफ आणि मग व्हर्व. शेवटी १९५८ मध्ये परत कोलंबिया आणि १९५९ मध्ये एमजीएम. कमोडोर, डेका आणि व्हर्वचे संच अलीकडे युनिव्हर्सल समूहाकडून निघाले. दोन मोठ्या घरांत वाटणी झाल्यामुळे तिचे सगळे काम एका खोक्यात कधीच मिळत नाही. ‘संपूर्ण बिली हॉलिडे’ असे लिहिलेल्या कुठल्याही संचावर ‘कुठल्या लेबलचे संपूर्ण’ हे वाचायला हवे.

आधार म्हणून कोलंबियाचा २००१ चा दहा सीडींचा संच (२३० ट्रॅक) आणि व्हर्वचा १९९२ चा दहा सीडींचा संच. दोन्ही उत्तम, पण नव्या श्रोत्याच्या हातात तसेच देण्यासारखे नाहीत. व्हर्वच्या संचात एकाच गाण्याचे टेक (सत्रात पुन्हा पुन्हा घेतलेली ध्वनिमुद्रणे) लागोपाठ येतात, मध्येच तालमीच्या टेप येतात. तिसऱ्यांदा तेच गाणे सुरू झाले की माणूस उठून जातो. कोलंबियाच्या संचात पर्यायी टेक शेवटच्या सीडींवर काढून ठेवले आहेत, ते बरे.

११ जानेवारी

फाइलींची नावे. पहिल्या खेपेला टॅगमधल्या (फाइलीत साठवलेल्या माहितीतल्या) ‘वर्ष’ या रकान्यावर क्रम लावला आणि सगळे विस्कटले. त्या रकान्यात बहुतेक वेळा सीडी निघाली ते वर्ष असते. १९३७ चे गाणे २००१ मध्ये जाऊन बसते. १९५२ ची आठ गाणी १९५६ दाखवतात, कारण दहा इंची ‘बिली हॉलिडे सिंग्ज’ पुढे आणखी चार गाणी घालून बारा इंची ‘सॉलिट्यूड’ म्हणून आली.

उपाय: तारीख फाइलीच्या नावातच. वर्ष-महिना-दिवस, मग सत्रातला क्रमांक, मग गाणे, मग मूळ लेबलवर ज्याचे नाव आहे तो. उदाहरणार्थ ‘१९३७-०१-२५_०२_धिस इयर्स किसेस_टेडी विल्सन’. महिना आणि दिवस नेहमी दोन अंकी. नुसते ‘२’ लिहिले तर १० वा महिना त्याच्याआधी येऊन बसतो. देवनागरी आणि इंग्रजी (1, 2, 3) अंक एकाच फोल्डरमध्ये मिसळू नयेत. संगणक आधी एका लिपीचे सगळे लावतो आणि मग दुसरीचे. काही गाड्यांमधल्या प्लेअरला देवनागरी नावे वाचता येत नाहीत, चौकोन दिसतात. तिथे नुसत्या अंकांच्या नावाची दुसरी प्रत लागते.

१५ जानेवारी

सुरुवात कुठल्या गाण्याने?

पहिले ध्वनिमुद्रण २७ नोव्हेंबर १९३३ चे, बेनी गुडमनच्या वाद्यवृंदाबरोबर, ‘युअर मदर्स सन-इन-लॉ’. निर्माता जॉन हॅमंडने जमवून आणलेले. ती १८ वर्षांची. पट्टी तिच्या गळ्याला चढी आहे आणि गाणे पळते. तिला त्यात पाय रोवायला जागाच नाही. संचात ते ठेवले, पण पहिले म्हणून नाही. कालक्रम मोडला तो एवढ्या एकाच ठिकाणी: १९३३ चे गाणे जोड म्हणून शेवटी जाईल, आणि संच उघडेल २ जुलै १९३५ ला.

त्या दिवशीचे सत्र टेडी विल्सनच्या नावावर, ब्रन्सविकसाठी, न्यू यॉर्कमध्ये. पियानोवर स्वतः विल्सन, ट्रम्पेट रॉय एल्ड्रिज, क्लॅरिनेट बेनी गुडमन, टेनर सॅक्सोफोन बेन वेब्स्टर, गिटार जॉन ट्रुहार्ट, बास जॉन कर्बी, ड्रम्स कोझी कोल. चार बाजू झाल्या, त्यांतली तीन घेतली: ‘आय विश्ड ऑन द मून’, ‘व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू’, ‘मिस ब्राउन टू यू’.

श्रोत्यासाठी टीप: या काळात गायिका म्हणजे वाद्यवृंदातली एक साथीदार. ‘मूनलाइट’मध्ये आधी वाद्ये वाजतात, मग ती एक आवर्तन गाते आणि बाजूला होते. उरलेला वेळ बाकीच्यांचा. ‘ती कधी येणार’ म्हणून पुढे ढकलू नये. तिच्या आधी गुडमनने काय वाजवले ते कानात असेल, तरच ती किती निवांतपणे आत शिरते ते जाणवते. मागे ड्रम्स धावत असतात आणि ती मात्र फेरफटका मारायला निघाल्यासारखी. हे गाणे कितीही वेळा ऐका, तो प्रवेश दर वेळी ताजा लागतो.

१९ जानेवारी

वेगाची तपासणी. एकाच गाण्याच्या तीन वेगवेगळ्या प्रतींची लांबी तीन प्रकारची निघाली. कारण साधे आहे. ‘७८ फेऱ्या’ हा नावापुरता आकडा, प्रत्यक्ष यंत्रे थोडी पुढे-मागे चालत. शिवाय आज तबकडीवरून नक्कल करणाराही चुकू शकतो.

हिशेब असा. वेग १ टक्का वाढला की स्वर १७ सेंट चढतो (१०० सेंट म्हणजे अर्धा स्वर). ३ टक्के वाढला तर ५१ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा अर्धा भाग, आणि तीन मिनिटांची बाजू सुमारे पाच सेकंदांनी आखूड होते. म्हणून पहिली चाचणी घड्याळाची: दोन प्रतींच्या पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंतचा वेळ मोजायचा. फाइलीची एकूण लांबी धरू नये, कारण पुढे-मागे जोडलेली शांतता फसवते.

दुसरी चाचणी पियानोची. ट्यूनर (स्वर मोजणारे यंत्र) ए=४४० या प्रमाण स्वरावर ठेवून पियानोचे चार-पाच लांब स्वर तपासायचे. सगळेच स्वर सारखे ४० सेंट चढे असतील तर प्रत साधारण २.३ टक्के वेगाने चालते आहे. चूक ५० सेंटच्या आसपास असेल तर मात्र खरी पट्टी वरची की खालची हे ट्यूनर सांगू शकत नाही. तिथे वाद्यांवरून अंदाज घ्यावा. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, टेनर सॅक्सोफोन ही बी-फ्लॅटची वाद्ये, त्यामुळे असे वाद्यवृंद बी-फ्लॅट, ई-फ्लॅट, एफ अशा पट्ट्यांकडे झुकतात. गाणे ‘बी’ किंवा ‘ई’ पट्टीत निघाले तर संशय घ्यायचा.

दुरुस्ती करताना ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पिच’ नव्हे, ‘स्पीड’ बदलायचा. तबकडी वेगाने फिरली तेव्हा स्वर आणि लय दोन्ही बिघडले, म्हणून दोन्ही एकदम मागे आणायचे. नुसता स्वर उतरवला तर लय चुकीचीच राहते, आणि या गायिकेच्या बाबतीत लय चुकणे म्हणजे सगळेच चुकणे.

४० पैकी तीन प्रती बदलल्या, एक दुरुस्त केली.

२२ जानेवारी

खरखर किती काढावी?

जुन्या तबकडीची खरखर खालपासून वरपर्यंतच्या सगळ्या स्वरांमध्ये पसरलेली असते. ती जोर लावून काढली की तिच्याबरोबर श्वास, ड्रम्सवरचे ब्रश आणि शब्दाच्या टोकाची हवाही जाते. उरतो पाण्याखालून आल्यासारखा आवाज. नव्या श्रोत्याला तो आधी ‘स्वच्छ’ वाटतो आणि दहा मिनिटांत कान थकतो.

कसोटी म्हणून २५ जानेवारी १९३७ चे सत्र वापरले, कारण त्यात गिटारवर फ्रेडी ग्रीन आहे. तो चारही मात्रांवर हलका आघात देत राहतो, एकल वाजवत नाही. चांगल्या प्रतीत तो आघात बासला चिकटून पण वेगळा ऐकू येतो. नुसता बासच ऐकू आला तर प्रत अती घासलेली आहे. दुसरी खूण: तिचा शब्द संपल्यावर आवाज हळूहळू विरतो की कापल्यासारखा थांबतो. कापल्यासारखा थांबला तर ती प्रत नको, थोडी खरखर असलेली घ्यावी. कान पाच मिनिटांत खरखरीला सरावतो, गेलेला श्वास मात्र परत येत नाही.

मूळ तबकडी वाजवणाऱ्यांसाठी एवढेच: ७८ च्या खाचेला सुमारे ३ मिलची (७६ मायक्रॉन) सुई लागते. एलपीची (नंतरच्या, जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीची) सुई खाचेच्या तळाशी लोळते आणि तिथलीच घाण वाचते. खरखर दुप्पट, गाणे निम्मे.

२७ जानेवारी

आज ज्या सत्रावर काम केले ते संचाचे हृदय. २५ जानेवारी १९३७: टेडी विल्सनचाच गट, पण काउंट बेसीच्या वाद्यवृंदातून आलेले लोक आत शिरलेले. टेनर सॅक्सोफोनवर लेस्टर यंग, ट्रम्पेटवर बक क्लेटन, गिटार फ्रेडी ग्रीन, बास वॉल्टर पेज, ड्रम्स जो जोन्स. क्लॅरिनेट अजूनही गुडमन. गाणी: ‘ही एन्ट गॉट रिदम’, ‘धिस इयर्स किसेस’, ‘व्हाय वॉज आय बॉर्न’, ‘आय मस्ट हॅव दॅट मॅन’. स्टुडिओत बिली आणि लेस्टर पहिल्यांदा एकत्र येतात ते इथे. तिला ‘लेडी डे’ म्हणणारा तो, त्याला ‘प्रेझ’ म्हणणारी ती.

‘धिस इयर्स किसेस’ आधी ऐकावे. सुरुवातीला यंग मूळ चाल वाजवतो, फारसे अलंकार न घालता, फक्त काही स्वर जरा उशिरा सोडतो. मग ती येते आणि तेच करते. चालीतल्या उंच उड्या ती कापते, स्वर जवळ-जवळ आणते, आणि जे उरते ते मात्रेच्या किंचित मागे ठेवते. त्याचे वाद्य आणि तिचा गळा एकाच शाळेतले वाटतात.

त्यानंतर १५ जून १९३७ चे ‘अ सेलबोट इन द मूनलाइट’, व्होकॅलियनसाठी, तिच्या स्वतःच्या नावाने. चाल अगदी गोडगोड आहे. त्या उन्हाळ्यात गाय लोंबार्डोच्या वाद्यवृंदाचे हे गाजलेले गाणे, आणि चाल बांधणाऱ्यांत त्याचा भाऊ कार्मेन. पहिल्या आवर्तनात ती गात असताना लेस्टर यंग मागे सतत वाजवत राहतो. ख्याल ऐकणाऱ्याला सारंगीची साथ आठवेल, पण फरक आहे. सारंगी गायकाच्या मागून तेच वाक्य उचलते. यंग तिचे वाक्य उचलत नाही, तिने सोडलेल्या जागेत स्वतःचे वाक्य ठेवतो. ती श्वास घेते तिथे तो बोलतो, तिचा शब्द लांबला की तो थांबतो. ही जागा दाखवण्यासाठी श्रोत्याला एक काम दिले आहे: पहिले ऐकणे फक्त तिचे, दुसरे फक्त त्याचे, तिसरे दोघांचे. तिसऱ्या वेळी गाणे वेगळेच निघते.

या महिन्यांतली एकूण सात गाणी संचात आली. इथे हात आखडता घेतला नाही.

२ फेब्रुवारी

मोजणी. या काळातली बहुतेक गाणी ३२ बारची, बारमध्ये ४ मात्रा, म्हणजे १२८ मात्रांचे आवर्तन. बांधणी पुष्कळदा मुखडा, मुखडा, अंतरा, मुखडा अशी, प्रत्येकी ८ बार. ब्लूज मात्र १२ बारचा, ४८ मात्रांचे आवर्तन.

चाचणीत आपल्याकडच्या श्रोत्यांची एक चूक वारंवार दिसली. हात आपोआप समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर पडतो. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर टाळी दिली की ठेका जड होतो आणि ती ‘मागे पडते आहे’ असे वाटू लागते. टाळी २ आणि ४ वर द्यावी, पाय १ आणि ३ वर. मग तिचा उशीर चूक वाटत नाही, झोका वाटतो.

सरावाला ‘ऑल ऑफ मी’, २१ मार्च १९४१, एडी हेवूडचा वाद्यवृंद, पुन्हा लेस्टर यंग सोबत. छापील चालीतला पहिला तुकडा सोपा आहे: वरचा सा, मग प, मग ग, असे तीन स्वर उतरत येतात. पेटीवर तो वाजवून पाहावा, ठेक्यावर नीट बसवून. मग रेकॉर्ड लावावी. ऑडॅसिटीत ‘टेम्पो’ २५ टक्के कमी केला की स्वर न बदलता गाणे संथ होते. शब्दाचा पहिला वर्ण कुठल्या मात्रेनंतर पडतो ते कागदावर टिंबांनी मांडता येते. आठ बार पुरेत. टिंबे मात्रेच्या रेघेवर क्वचितच पडतात, आणि प्रत्येक टिंब सारखेच मागे असते असेही नाही: वाक्याच्या सुरुवातीला अंतर जास्त, शेवटाकडे ती ठेक्याला गाठते. हे गणित तिने कधी मांडले नसेल, पण ते इतके पक्के आहे की कागदावर उमटते. या गाण्याचे एकाहून अधिक टेक उपलब्ध आहेत. दोन टेकची टिंबे शेजारी ठेवली की ती पाठ केलेले गात नाही हेही दिसते.

५ फेब्रुवारी

शोधताना न सापडणारी गाणी:

‘एनी ओल्ड टाइम’ (जुलै १९३८) आर्टी शॉच्या नावाखाली, ब्लूबर्ड लेबलवर. ‘ट्रॅव्हलिन लाइट’ (१९४२) पॉल व्हाइटमनच्या नावाखाली, कॅपिटॉलवर, आणि गायिकेचे नाव नुसते ‘लेडी डे’. १९३५ ते १९३८ मधली पुष्कळ गाणी टेडी विल्सनच्या नावाखाली. कमोडोरचे १९४४ चे ‘आय लव्ह माय मॅन’ म्हणजे १९३६ चेच ‘बिलीज ब्लूज’. ‘लेडी सिंग्ज द ब्लूज’ शोधले की १९७२ च्या चित्रपटाची गाणी वर येतात. ती डायाना रॉसची आहेत. बिलीचा त्या नावाचा अल्बम १९५६ चा.

बेसीच्या वाद्यवृंदात ती १९३७ मध्ये गायली, पण करार वेगळ्या कंपन्यांशी असल्यामुळे त्यांचे स्टुडिओत एकही ध्वनिमुद्रण नाही. रेडिओवरून टिपलेली तीन गाणी तेवढी आहेत. त्यांतले एक संचात.

९ फेब्रुवारी

२० एप्रिल १९३९, ‘स्ट्रेंज फ्रूट’.

कृष्णवर्णीयांना झाडाला लटकवून मारणाऱ्या जमावांबद्दलची ही कविता एबल मीरोपोल या न्यू यॉर्कमधल्या शिक्षकाची. लेबलवर त्याचे टोपणनाव लुइस ॲलन. बिली हे गाणे न्यू यॉर्कमधल्या कॅफे सोसायटी या नाइट क्लबात गात होती. कोलंबियाने ध्वनिमुद्रित करायला नकार दिला आणि एका सत्रापुरती मोकळीक दिली. कमोडोरच्या मिल्ट गेब्लरने ते आपल्या लेबलसाठी घेतले. तबकडी क्रमांक ५२६, दुसऱ्या बाजूला ‘फाइन अँड मेलो’.

व्यावहारिक टीप: सुरुवातीला जवळजवळ सव्वा मिनिट तिचा आवाज येत नाही. आधी फ्रँकी न्यूटनचा ट्रम्पेट, मग सनी व्हाइटचा पियानो. फाइल बिघडलेली नाही. कविता तीनच कडव्यांची, ध्रुवपद नाही, म्हणून बाजू भरायला लांब प्रस्तावना घेतली. आणि तीच आता गाण्याचा भाग झाली आहे. ती पुढे ढकलणाऱ्याला पहिला शब्द लागत नाही.

हे गाणे संचाच्या सुरुवातीला ठेवण्याचा आग्रह झाला होता. नाही ठेवले. त्याआधीची अठरा गाणी ऐकलेली असली की इथे तिने काय बाजूला ठेवले ते कळते: ठेक्याशी खेळणे नाही, झोका नाही, शब्द जवळजवळ सरळ. तिची लय ठाऊक असलेल्यालाच तिचे हे थांबणे ऐकू येते. आणि रोजच्या यादीत हे गाणे एकटेच. त्याच्या मागोमाग दुसरे काही वाजू नये म्हणून फाइलीच्या शेवटी ४० सेकंद शांतता जोडली आहे.

१४ फेब्रुवारी

कमोडोर १९४४ आणि डेका.

‘आय’ल गेट बाय’ची जोडी लावली: मे १९३७ (विल्सन, सोबत जॉनी हॉजेस आणि लेस्टर यंग) आणि १९४४ (एडी हेवूड). दुसरे कितीतरी संथ. लय उतरली की उशिरा येण्याला जास्त जागा मिळते, आणि ती ती जागा पूर्ण वापरते.

डेकाची पाच: ‘लव्हर मॅन’ (४ ऑक्टोबर १९४४), ‘डोन्ट एक्स्प्लेन’, ‘गुड मॉर्निंग हार्टएक’ (जानेवारी १९४६), ‘एन्ट नोबडीज बिझनेस’, ‘क्रेझी ही कॉल्स मी’. ‘लव्हर मॅन’पासून व्हायोलिनांचा ताफा येतो. १९३७ च्या सत्रांवरून थेट इथे आलेल्याला तो गुळचट लागतो, त्यामुळे मध्ये कमोडोर हवेच. गळा मात्र या वर्षांत सगळ्यात भरीव आहे.

२० फेब्रुवारी

ग्रँझची वर्षे. मोठा बदल लांबीचा: एलपी आल्यामुळे तीन मिनिटांचे कुंपण गेले. जानेवारी १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला झालेल्या सत्रांतून ‘साँग्ज फॉर डिस्टँगे लव्हर्स’ निघाला. त्यात फक्त सहा गाणी. हॅरी ‘स्वीट्स’ एडिसनचा ट्रम्पेट, पुन्हा बेन वेब्स्टर, पियानो जिमी रोल्स, गिटार बार्नी केसेल. ‘वन फॉर माय बेबी’ आणि ‘अ फॉगी डे’ घेतली. १९५२ चे ‘दीज फूलिश थिंग्ज’ घेतले, कारण १९३६ चे तेच गाणे संचात आहे. ऑगस्ट १९५५ मधले ‘इट हॅड टू बी यू’ घेतले, आणि १९५२ चे ‘लव्ह फॉर सेल’, ज्यात सोबतीला केवळ ऑस्कर पीटरसनचा पियानो.

१९५५ ची तालमीची टेप ४० मध्ये नाही. संच पूर्ण झाल्यावर ऐकायला वेगळी ठेवली.

२४ फेब्रुवारी

खोटा स्टिरिओ. साठच्या दशकात मोनो रेकॉर्ड दोन बाजूंना पसरवून ‘स्टिरिओ’ म्हणून विकल्या. उच्च स्वर एका बाजूला, खालचे दुसऱ्या बाजूला, वर कृत्रिम घुमारा. हेडफोनवर तिचा आवाज खोलीभर वितळल्यासारखा वाटतो.

तपासणी: ऑडॅसिटीत ट्रॅक दोन मोनोंत फोडायचा, एकाला ‘इन्व्हर्ट’ द्यायचा, दोन्ही एकत्र मिसळायचे. खरा मोनो असेल तर शांतता, फार तर किंचित फुसफुस. घुमाऱ्यासकट आवाज उरला तर प्रत बाद. या चाचणीत दोन प्रती गेल्या.

१ मार्च

‘आय विश्ड ऑन द मून’ची जोडी. पहिले २ जुलै १९३५, दुसरे १४ फेब्रुवारी १९५५. ड्रम्सवर दोन्हीकडे कोझी कोल. वीस वर्षांचे अंतर, तोच माणूस काठ्या धरून.

१९३५ मध्ये आवाज हलका, टोकाला धार असलेला, शब्दांत हसू. १९५५ मध्ये तो खाली उतरलेला, कडेला चरा पडलेला. हातात कागद असेल तर दोन्हीकडचे पहिले आठ बार टिंबांनी मांडावेत. आवाजाचा पोत झाकून फक्त टिंबे पाहिली तर ठेका मागे धरण्याची सवय तीच दिसते. फरक एक: १९५५ मध्ये ती शब्दांमध्ये जास्त जागा सोडते, काही शब्द जवळजवळ बोलते.

श्रोत्याला सूचना: दोन्ही एकाच दिवशी, आधी नंतरचे, मग आधीचे. या क्रमाने १९५५ च्या गळ्याची कीव येत नाही. आणि ती येऊ नये, कारण ते गाणे कमी प्रतीचे नाही.

६ मार्च

८ डिसेंबर १९५७, सीबीएस या अमेरिकी दूरचित्रवाणीवरचा ‘द साउंड ऑफ जॅझ’ हा थेट कार्यक्रम, गाणे ‘फाइन अँड मेलो’. संचातली ही एकमेव पाहण्याची गोष्ट.

आधी सावधगिरी: त्याच नावाची कोलंबियाची एलपी आहे, ती प्रक्षेपणाची नव्हे, काही दिवस आधी स्टुडिओत केलेल्या तालमीची. आवाज एलपीचा स्वच्छ, पण जे पाहायचे ते चित्रफितीत. एलपीचा आवाज चित्रावर चढवलेली प्रत मिळाली तर ओठ जुळत नाहीत; ती घेऊ नये.

ती उंच स्टुलावर बसलेली, भोवती अर्धवर्तुळात वादक: बेन वेब्स्टर, कोलमन हॉकिन्स, जेरी मलिगन, रॉय एल्ड्रिज, डॉक चीथम, व्हिक डिकन्सन, पियानोवर मॅल वॉल्ड्रन. वेब्स्टर आणि एल्ड्रिज १९३५ च्या त्या पहिल्या सत्रातले. १२ बारचा संथ ब्लूज. प्रत्येकाला आपले आवर्तन, तिचे कडवे, पुन्हा कुणाचे आवर्तन.

लेस्टर यंग उठतो आणि एकच आवर्तन वाजवतो, ४८ मात्रा. स्वर मोजके, बरेचसे उशिरा ठेवलेले, मध्ये मोठ्या रिकाम्या जागा. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर येतो. ती ऐकते, मान हलते, भुवया किंचित वर जातात, त्याचे वाक्य पुढे कुठे जाणार ते तिला ठाऊक असल्यासारखी. ‘सेलबोट’मध्ये तो तिच्या जागा भरत होता, इथे त्याने सोडलेल्या जागा ती चेहऱ्याने भरते. म्हणून ही चित्रफीत ‘सेलबोट’ तीनदा ऐकल्याशिवाय उघडू नये, असे यादीत ठळक लिहिले आहे.

यंग १५ मार्च १९५९ ला गेला, ती १७ जुलै १९५९ ला, वय ४४.

१२ मार्च

‘लेडी इन सॅटिन’, फेब्रुवारी १९५८, रे एलिसचा मोठा वाद्यवृंद: व्हायोलिने, हार्प, मागे स्त्रियांचे आवाज. नव्या श्रोत्यांपैकी पुष्कळजण इथूनच सुरुवात करतात आणि दोनच प्रतिक्रिया येतात, भारावून जाणे किंवा बंद करणे. गळा फाटलेला आहे, वरचे स्वर पोचत नाहीत, शब्दाचे टोक थरथरते. संचात ते ३८ व्या आणि ३९ व्या जागी: ‘आय’म अ फूल टू वॉन्ट यू’ आणि ‘द एंड ऑफ अ लव्ह अफेअर’.

दुसऱ्या गाण्याने वेळ घेतला. ते स्टिरिओ फोल्डरमध्ये सापडेना. त्या गाण्यात तिचा आवाज नंतर मोनो टेपवरच चढवला गेला होता. म्हणून मूळ मोनो एलपीवर (सीएल ११५७) १२ गाणी आणि स्टिरिओवर (सीएस ८०४८) ११. स्टिरिओ घेणाऱ्याने हे एक गाणे मोनोतून घ्यावे. हेडफोनवर जागा बदलल्यासारखी वाटते, म्हणून दोन्ही गाणी मोनोच घेतली.

ऐकताना हेडफोनपेक्षा साधा स्पीकर बरा. हेडफोनमध्ये वाद्यवृंद कानावर येऊन आदळतो, स्पीकरवर ती पुढे येते. आणि टिंबांचा कागद पुन्हा एकदा काढावा.

१८ मार्च

आवाजाची पातळी. सगळ्या फाइलींना रिप्लेगेन (वाजवताना आवाज सारखा राखणारी नोंद), ‘ट्रॅक’ पद्धतीने. ‘अल्बम’ पद्धतीत १९३५ नंतर १९५७ आले की दचकायला होते. चढवलेली बढत टॅगमध्येच ठेवली, ध्वनीला हात लावला नाही.

रोजचा वाटा: एक सत्र, तीन ते चार बाजू, दोनदा. सुमारे २५ मिनिटे. ‘स्ट्रेंज फ्रूट’चा दिवस वेगळा, चित्रफितीचा वेगळा. ४० गाण्यांना १४ दिवस.

४० वे गाणे बदलले. आधी मार्च १९५९ च्या एमजीएमच्या शेवटच्या सत्रांतले होते. ते आता १९५५ च्या तालमीच्या टेपशेजारी वेगळ्या फोल्डरमध्ये. त्याच्या जागी १९३३ चे ‘युअर मदर्स सन-इन-लॉ’ आले. ३९ गाणी ऐकून झाल्यावर त्या चढ्या पट्टीत, त्या पळापळीतही दोन-तीन शब्द मात्रेच्या मागे राहिलेले सापडतात. कुठले ते श्रोत्यासाठीच्या कागदावर लिहिलेले नाही, तिथे फक्त रिकाम्या आठ बारांच्या रेघा आखून ठेवल्या आहेत.